शेतातून सेवेकडे

(परिचर्या अभ्यासक्रमाच्या नव्या विद्यार्थ्यांच्या दीपप्रज्वलन व शपथग्रहण समारंभात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही संस्थेचा जमाखर्च मांडतो. आकडे वाचावयाचे, लेखापरीक्षकांचे आभार मानावयाचे आणि जागेवर जाऊन बसावयाचे, अशी आमची पद्धत आहे. या वर्षी अध्यक्ष महोदयांनी नव्या विद्यार्थ्यांशी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही वाणिज्य शाखेचे. नाडी आणि औषधे यांविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. म्हणून जे कागद आमच्या टेबलावरून जातात, त्यांतूनच आजचा विषय घेतला आहे.

तुमचे प्रवेश अर्ज आम्ही वाचले. 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात बहुतेकांनी 'शेती' असे लिहिले आहे. काहींनी 'शेती व मजुरी', तर काहींनी 'शेती व दूधधंदा' असे लिहिले आहे. सोबत जोडलेल्या सातबाऱ्यांवर कुणाचे दोन एकर आहे, कुणाचे साडेतीन एकर, तर कुणाचे अवघे वीस गुंठे. 'हा अभ्यासक्रम का निवडला?' या प्रश्नाला मात्र जवळपास सर्वांचे उत्तर एकच आहे: 'रुग्णसेवा करण्यासाठी.' उत्तर चांगले आहे. परंतु शेतीच्या रकान्यापासून या उत्तरापर्यंत येण्याचा जो रस्ता आहे, त्यासाठी अर्जात जागा ठेवलेली नसते. त्या रस्त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम थोडे आकडे, कारण त्यांच्यावाचून आम्हांला चैन पडत नाही. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आली. पंचेचाळीस वर्षांत सरासरी तुकडा तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान झाला. यामागे काही गूढ नाही. आजोबांच्या जमिनीचे वडील आणि चुलत्यांत वाटे झाले, वडिलांच्या वाट्याचे पुन्हा भावाभावांत झाले. विहिरीत पाळी आली, बांधावरच्या आंब्याचीही वाटणी झाली. अशा घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलामुलीला कधी ना कधी एक हिशेब कळतो, की या रानात सर्वांचे भागणार नाही. तो हिशेब सहसा कुणी तोंडाने सांगत नाही. दहावीचा निकाल लागला की घरातली सर्वच माणसे गप्प होतात, तेव्हा तो समजतो.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. २०२४ साली त्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. रानाचे स्वरूप मात्र तेच आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याशी भातखाचरे वाहून जावीत इतका पाऊस पडतो. प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस उभा असतो. तेथेच लोणी परिसरात १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दक्षिणेला आणि पूर्वेला कर्जत, जामखेड, पाथर्डी येथे मात्र माणसे आभाळाकडे पाहूनच पेरतात, आणि दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. तुम्ही या सर्व भागांतून आला आहात. एकाच वर्गात बसला असलात तरी प्रत्येकाच्या घरचे पाणी निराळे आहे.

लहान शेतीवर वाढणे म्हणजे काय, हे शहरातील आमच्या देणगीदारांसाठी थोडे सांगावेसे वाटते. शाळेत जाण्यापूर्वी शेणघाण आणि डेअरीवर दूध घालणे, शाळेतून आल्यावर शेळ्या किंवा खुरपणी, आणि रात्री वीज येईल त्या वेळी बॅटरी घेऊन दारे धरणे. या कामांची कुणी शिकवणी लावत नाही, पण त्यांतून काही सवयी अंगी येतात. गाय रवंथ करीत नाही हे आधी लहान मुलाच्या लक्षात येते. मका सकाळी टवटवीत आणि दुपारी माना टाकलेला असेल, तर पाणी कमी पडले की मुळाला कीड लागली हे पाहण्यासाठी वाफ्यात उतरावे लागते. धारेची वेळ चुकवून चालत नाही. बियाण्याची ज्वारी कितीही अडचण आली तरी दळावयाची नसते. पाहणे, वेळ पाळणे, राखून ठेवणे आणि दुसऱ्याचा जीव आपल्या हाती आहे हे जाणणे, या चार गोष्टी घेऊन ही मुले आमच्याकडे येतात. परिचर्येच्या पुस्तकात त्यांना निरीक्षण, नियमितता, काटकसर आणि जबाबदारी अशी नावे आहेत.

मात्र शेतीचे गोडवे गाण्यासाठी आम्ही उभे राहिलो नाही. ज्या घरांनी नापिकी पाहिली, कर्जाची नोटीस पाहिली, कांदा रस्त्यावर ओतलेला पाहिला, त्यांच्यासमोर तसे गोडवे गाणे शोभणार नाही. शेती सोडून येणाऱ्याला कुणी पळपुटे म्हणू नये, आणि शेतीवर राहणाऱ्याला कुणी मागासलेले म्हणू नये, एवढेच आमचे म्हणणे. रानात वाढलेले मूल आपले काम कसे शोधते, याची तीन उदाहरणे आज आपल्यासमोर ठेवतो. पहिली दोन आपल्या जिल्ह्यातली आहेत.

पहिले नाव राहीबाई सोमा पोपेरे यांचे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे त्यांचे गाव. महादेव कोळी समाजातील हे कुटुंब, डोंगराळ जमीन, पावसावरचे पीक. राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. लहानपणापासून शेतातच राबल्या. पावसाळ्यात घरच्या रानात आणि उरलेल्या दिवसांत साखर कारखान्याकडे मजुरीला, असे त्यांच्या घरचे वर्ष असे. त्यांनी स्वतः अनेक ठिकाणी सांगितले आहे, की घरातील आणि गावातील मुले वरचेवर आजारी पडू लागली तेव्हा हल्लीच्या अन्नात काहीतरी बिघडले आहे, अशी त्यांची खात्री झाली आणि त्या जुन्या गावरान वाणांकडे वळल्या. वाल, घेवडे, भात, नाचणी, वेलभाज्या, रानभाज्या यांचे बी त्यांनी घरोघर फिरून गोळा केले. ते राखेत घोळून, मडक्यांत आणि शेणाने सारवलेल्या कणग्यांत जपले. त्यांच्या भागात काम करणाऱ्या बायफ या संस्थेची त्यांना साथ मिळाली. गावातील स्त्रियांचे बचत गट जोडले गेले आणि घरातल्या कणगीची बियाणे बँक झाली. बी घेऊन जाणाऱ्याने पीक आल्यावर घेतल्याच्या दुप्पट बी परत आणून द्यावे, अशी तिची रीत. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना 'बीजमाता' म्हटले. २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आम्हांला या हकिकतीत पदकापेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. राहीबाईंना त्यांचे जीवितकार्य शोधण्यासाठी गाव सोडावे लागले नाही. बी राखणे हे काम त्यांच्या आईने, सासूने आणि गावातील प्रत्येक बाईने केले होते. कामाला नाव नव्हते आणि मानही नव्हता. घरातल्या आजाराचा प्रश्न मनात घेऊन त्या कामाकडे नव्याने पाहिले, तेव्हा तेच घरकाम साऱ्या गावाचे काम झाले. हिशेबनिसाच्या नजरेने पाहावयाचे तर घेतल्याच्या दुप्पट परत देणारी ही बँक कुणाच्या घरावर जप्ती आणत नाही, आणि तिचे भांडवल दर सुगीला वाढते.

दुसरे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. आपल्याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी प्रथम काम केले. बरा होऊन घरी गेलेला रुग्ण काही महिन्यांनी त्याच दुखण्याने परत येतो, कारण घरचे पाणी, अन्न आणि परिस्थिती तीच असते, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेड येथे कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट सुरू केला. पहिला दवाखाना जनावरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्याच्या जागेत होता. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. लोकांना गोळीच्या आधी पाणी हवे होते, धान्य हवे होते, रोजगार हवा होता. डॉक्टर दांपत्याने कूपनलिका खोदण्याच्या आणि अन्नाच्या बदल्यात कामाच्या योजना हाती घेतल्या. गावोगावी शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली, आणि त्यांच्या बैठकांत बी-बियाण्याच्या आणि जनावरांच्या गोष्टींबरोबर आरोग्याच्याही गोष्टी निघू लागल्या.

त्यानंतर जे घडले ते तुम्हां विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावे. सुरुवातीला जामखेडहून प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठविल्या गेल्या. त्या गावाला परक्या आणि गाव त्यांना परके. काम जमेना. तेव्हा गावातलीच एखादी बाई निवडून तिला शिकवावे, असे ठरले. गावांनी ज्या स्त्रिया निवडून पाठविल्या, त्यांतील पुष्कळ जणी अल्पभूधारक किंवा भूमिहीन घरांतल्या होत्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, जातपात न पाहता एकत्र जेवत आणि एकत्र शिकत. मुलाचे वजन कसे करावे, जुलाब झाले तर मीठ, साखर आणि उकळलेल्या पाण्याचे मिश्रण कसे द्यावे, बाळंतपणात स्वच्छता कशी पाळावी, क्षयाचा खोकला आणि कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा, हे त्या ऐकून, पाहून आणि एकमेकींना सांगून शिकल्या.

त्यांच्यापाशी वही नव्हती, पण निरीक्षण होते. ज्या नजरेने त्या वासराची वाढ पाहत, त्याच नजरेने त्या शेजारणीच्या तान्ह्या मुलाकडे पाहू लागल्या. कोणत्या घरात धान्य संपले आहे, कोणती सून दिवस गेलेली असताना ओझी वाहते, कोणाच्या विहिरीत कुणाला पाणी भरू देत नाहीत, हे त्यांना कुणी सांगावे लागत नसे. १९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिल्याच वर्षात दगावत. वर्षानुवर्षांच्या या कामातून तो आकडा कित्येक पटींनी खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडच्या प्रयोगाला स्थान मिळाले. १९७८ साली अल्मा आता येथील परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा निघाला, तेव्हा जगाला माहीत असलेल्या प्रयोगांत जामखेड होते. १९७९ साली आरोळे दांपत्याला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि देशभर 'आशा' नेमल्या जाऊ लागल्या, त्यामागेही अशा अनेक प्रयोगांचा अनुभव होता. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. त्यांनी लावलेले काम मात्र चालू राहिले.

यांपैकी मुक्ताबाई पोळ यांना अमेरिकेतील एका मोठ्या आरोग्य परिषदेत बोलण्यासाठी बोलाविले गेले होते. तेथील सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की झुंबर सुंदर असले तरी महाग असते आणि एकाच जागी लटकते. पणती साधी असते, पण हातात धरून कुठेही नेता येते आणि एका पणतीने दुसरी पेटविता येते. आज थोड्या वेळात तुम्ही हाती दिवे घेऊन शपथ घ्याल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने ही प्रथा जगभर चालते, आणि ती योग्यच आहे. दिवा हाती घेताना आपल्याच जिल्ह्यातल्या या बाईंचीही आठवण ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

तिसरे उदाहरण जिल्ह्याबाहेरचे आहे, परंतु डॉक्टर मंडळींना ते चांगले परिचित आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात, गरीब शेतकरी कुटुंबात झाला. कष्ट करीत, प्रसंगी मोलमजुरी करून त्यांनी शिक्षण घेतले आणि १९७० च्या दशकात कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. भात कापताना, पेंढा उचलताना, चपलेवाचून अंगणात चालताना लाल विंचू चावलेली माणसे आणि मुले तेथे येत. घाम सुटे, हातपाय गार पडत, फुप्फुसांत पाणी साठे आणि धडधाकट माणूस दगावे. यावर खात्रीचा उपाय पुस्तकात नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून प्रत्येक लक्षणाची नोंद केली. १९८२ साली ती निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरून दाखविले आणि मृत्यूंचे प्रमाण अगदी थोड्यावर आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावतो तो बहुधा शेतकऱ्याला, शेतमजुराला आणि त्यांच्या मुलांना. ज्याचे बालपण तशाच अंगणात गेले, त्याला हे मरण किरकोळ वाटले नाही.

या तिन्ही उदाहरणांत आम्हांला एक समान धागा दिसतो. जीवितकार्य आकाशातून पडत नाही. घराच्या उंबऱ्यापाशी किंवा शेजाऱ्याच्या ओसरीवर जे दुःख रोज दिसते आणि ज्याला सगळे 'चालायचेच' म्हणतात, त्याला एखादे माणूस 'हे का चालायचे?' असे विचारते, आणि तेथून कामाला आरंभ होतो. लहान शेतीवर वाढलेल्या माणसाने ते दुःख जवळून पाहिलेले असते. ते पाहणे हे त्याचे भांडवल आहे. नोकरी लागल्यावर, गणवेश चढल्यावर, हे भांडवल विसरून जाण्याचा मोह होतो. तसे होऊ नये, यासाठी आज हे बोलणे.

आता आपल्या रुग्णालयाकडे वळू. आमच्या कार्यालयात इंग्रजी महिन्यांची दिनदर्शिका टांगलेली आहे. रुग्ण मात्र शेताच्या दिनदर्शिकेप्रमाणे येतात. मृग लागला की दुखणे अंगावर काढणारी माणसे वाढतात, कारण घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण येतात. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात, आणि त्यांतील सर्वच फवारणीमुळे आलेले नसतात, हे येथे बसलेल्या परिचारिका भगिनींना ठाऊक आहे. कारखान्यांचे बॉयलर पेटले की तोडीला गेलेल्या कुटुंबांतील बाळांचे डोस चुकतात आणि गरोदर स्त्रियांची तपासणी राहून जाते. सुगी झाली, की वर्षभर पुढे ढकललेल्या हर्नियाच्या, मोतीबिंदूच्या आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया एकदम येतात. कॅश काउंटरवरच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या, तर पावसाचा आणि बाजारभावाचा अंदाज बांधता येतो.

डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाऊ मागणारे रुग्ण प्रत्येक रुग्णालयात असतात. कागदावर त्यांच्यापुढे 'रुग्णाचा हट्ट' असा शेरा पडतो. अशाच एका बाईंना शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी घरी जावयाचे होते. समजावून झाले, रागावून झाले. रात्रपाळीच्या परिचारिकेने त्यांना एवढेच विचारले, "मावशी, घरी धार कोण काढतं?" तेव्हा खरी गोष्ट कळली. गाय व्यायला झाली होती, नवरा तोडीवर होता, घरी म्हातारी सासू आणि सातवीतली मुलगी. परिचारिकेने मावशींच्या गावातल्या आशाताईंना फोन लावला, त्यांनी शेजारच्यांना सांगितले आणि गायीची सोय झाली. मावशी टाके निघेपर्यंत राहिल्या. या उपचाराची पावती फाडता येत नाही आणि त्यासाठी बिलात रकाना नाही. परंतु टाके उसवून त्या परत आल्या असत्या, तर त्याचा खर्च किती झाला असता हे आम्ही सांगू शकतो. ती परिचारिका स्वतः दोन गायींच्या घरातून आली आहे.

विद्यार्थ्यांनो, असा प्रश्न विचारण्यासाठी निराळी पदवी लागत नाही. केसपेपरवर नाव, वय आणि तक्रार लिहिताना 'घरी कोण आहे, रान किती आहे, पाणी आहे का' हे दोन मिनिटांत विचारता येते. त्यावरून पथ्य सांगता येते, औषधाची वेळ ठरविता येते आणि पुढच्या तपासणीची तारीख पेरणीच्या आड येणार नाही अशी देता येते. तुमच्या बोलण्यातला अकोल्याचा किंवा पाथर्डीचा हेल लपवू नका. तो ऐकून कित्येक रुग्णांना धीर येतो.

यासोबत एक गोष्ट विश्वस्त मंडळासमोर आणि दात्यांसमोर स्पष्टपणे मांडणे आमचे कर्तव्य आहे. 'सेवा' हा शब्द आपल्या क्षेत्रात फार वापरला जातो. तो पवित्र आहे, म्हणूनच तो जपून वापरला पाहिजे. सेवाभाव हे परिचारिकेचे भूषण आहे. कमी वेतनाचे आणि सलग दोन पाळ्यांचे समर्थन म्हणून तो शब्द पुढे करू नये. शेतकऱ्यालाही 'जगाचा पोशिंदा' म्हणून हार घातले जातात आणि बाजारात मात्र त्याच्या मालाला भाव मिळत नाही. या मुली त्याच घरांतून आल्या आहेत; गौरव आणि मोबदला यांतला फरक त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतो. त्यांच्या पगारातून धाकट्या भावाची फी जाते, विहिरीची मोटार दुरुस्त होते, सोसायटीचा हप्ता फिटतो. वेतन वेळेवर आणि योग्य मिळाले, तर त्या येथे राहतील. नाही मिळाले, तर पुण्या-मुंबईला जातील, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

दुसरी गोष्ट बिलाविषयीची. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली धर्मादाय रुग्णालयांसाठी लागू केलेल्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, अशी व्यवस्था आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचाही मोठा आधार झाला आहे. तरीही एक माणूस या दोन्हींच्या मधल्या फटीत सापडतो. त्याच्या सातबाऱ्यावर नाव असते, पण हातात पैसा नसतो. त्याचा आजार यादीत बसत नाही, किंवा दाखला तहसीलमधून येईपर्यंत डिस्चार्जचा दिवस येतो. मग गाय विकली जाते, दागिने गहाण पडतात, कधी अर्धा एकर जातो. गेलेली जमीन बहुधा परत येत नाही, आणि त्या घरातल्या मुलीचे शिक्षण तेथेच थांबते. म्हणजे आज आपण ज्या विद्यार्थिनींचे स्वागत करीत आहोत, त्यांच्या पुढच्या तुकडीतील एखादी मुलगी आपल्याच बिलाने कमी होण्याचा धोका असतो.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. विश्वस्त मंडळास विनंती, की अशा कुटुंबांचे उरलेले बिल महिन्याच्या हप्त्यांऐवजी सुगीप्रमाणे, खरिपानंतर आणि रब्बीनंतर, भरण्याची सोय व्हावी. शेतकऱ्याला दरमहा पगार होत नाही. दरमहा हप्ता मागितला की तो सावकाराकडे जातो. दात्यांना विनंती, की इमारतींवर आणि यंत्रांवर नावे कोरली जातात तशीच काही देणगी या विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी आणि वसतिगृहासाठी राखून ठेवावी. यंत्राचा घसारा आम्ही दरवर्षी लिहितो. शिकलेल्या परिचारिकेला घसारा लागत नाही. आणि पालकांना विनंती, की अभ्यासक्रम पुरा होण्याआधी मुलीच्या लग्नाची घाई करू नये. तीन वर्षे थांबणे कठीण आहे हे आम्ही जाणतो. फळझाड लावल्यावर आपण तीन-चार वर्षे थांबतोच.

विद्यार्थी मित्रहो, आज घेतलेल्या शपथेची कसोटी आज लागणार नाही. पहिल्या रात्रपाळीत, पहिला रुग्ण हातून जाईल तेव्हा, अपमान होईल तेव्हा आणि पाय दुखतील तेव्हा ती लागेल. अशा वेळी आपण कोठून आलो हे आठवावे. पेरलेले उगवले नाही म्हणून तुमच्या आईवडिलांनी दुबार पेरणी केलेली तुम्ही पाहिली आहे. तोच धीर तुमच्या उपयोगी पडेल. आणि कधी न समजणारे काही दिसले, तर बावस्करांप्रमाणे त्याची नोंद करून ठेवा. अडचण आली, तर जामखेडच्या बायकांप्रमाणे एकमेकींना विचारा.

आमचे बोलणे नेहमीपेक्षा लांबले.   गावाकडची शेवटची एस. टी. साडेपाचला आहे. दीपप्रज्वलन आणि शपथ त्यापूर्वी उरकण्याची व्यवस्था केली आहे. भोजन करूनच निघावे.